खिस्त्यांची कृपा कुणाची?

शंकेखोर : कृपाबाई मराठी घरातली होती यावर माझा वाद नाही. १८६२ साली अहमदनगरात जन्म, वडील हरिपंत खिस्ती, आई राधाबाई, आणि ही त्यांचं तेरावं अपत्य. आडनाव पाहून ‘ख्रिस्ती’ची छपाईची चूक वाटते. पण खिस्ती हे देशावरचं जुनं ब्राह्मणी आडनाव आहे, आणि योगायोग असा की नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये अगदी आधी गेलेल्या ब्राह्मण घरांपैकी हे एक. इथपर्यंत ठीक. पण ताई, तुम्ही पुढे जाऊन म्हणता की मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना कृपाबाई सत्यनाथन यांना हरिभाऊ आपट्यांच्या पंगतीला बसवा. तिथे माझा घास अडतो. ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत लिहिलेल्या आणि मद्रासेतल्या. साहित्याची जात भाषेवरून ठरते. आजोळ कुठलं, माहेर कुठलं, हे विचारून वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर उद्या सोयरिकीच्या याद्याच छापाव्या लागतील.

कैवारी : गुरुजी, सोयरीक नका धरू, साल धरा. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० ते ९३ या काळात ‘करमणूक’मधून क्रमशः आली. यमूची कथा, यमूच्याच तोंडून. लिहिणारे मात्र हरिभाऊ. ‘कमला’ आली १८९४ मध्ये. तीही दख्खनच्या ब्राह्मण घरातल्या मुलीचीच कथा. तोच सासुरवास, तेच वैधव्य, फक्त लिहिणारी बाई आहे. आणि ‘सगुणा’ तर त्याच्याही आधीची. ती १८८७-८८ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात येत होती, पुस्तक मागाहून १८९५ मध्ये निघालं. म्हणजे पुण्यात एक पुरुष बाईचा आवाज काढून लिहायला बसला, त्याआधीच मद्रासेत नगरची एक मुलगी स्वतःच्या आवाजात आपल्या आईची आणि आपली हकिगत लिहून मोकळी झाली होती. ही दोन पुस्तकं एकमेकांशेजारी ठेवून वाचायची नाहीत, असं कोणत्या शास्त्रात सांगितलंय?

शंकेखोर : वाचा की शेजारी ठेवून. बंकिमबाबूंनाही ठेवा. पण शेजारी ठेवणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. शिवाय बाईच्या आवाजासाठी मद्रासला जायचं कारण काय? साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ची. काशीबाई कानिटकर त्याच काळात मराठीत लिहीत होत्या, त्यांची ‘रंगराव’ पुढे १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ताराबाई शिंद्यांनी तर १८८२ मध्ये बुलढाण्यात बसून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती कशा मराठीत लिहिली ते तुम्हाला सांगायला नको. या बायांनी मराठीत लिहिण्याची किंमत मोजली. लोकांच्या शिव्या त्यांच्याच भाषेत ऐकल्या. इंग्रजीत लिहिणारीला ती झळ लागत नाही. सासूने वाचलं तर काय, हा प्रश्नच तिला पडत नाही.

कैवारी : झळ लागत नाही हे तुम्ही फार लवकर बोललात. तिची सगळी उमर किती, तर बत्तीस वर्षं. वडील लहानपणी गेले. ज्या भावाने पुस्तकं दिली, डोंगरावर फिरायला नेऊन देशाबद्दल, कामाबद्दल बोलायला शिकवलं, तो भास्करही तरुणपणीच गेला. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकली, डॉक्टर व्हायचं ठरवलं. इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती दारात आली, पण प्रकृतीमुळे समुद्रापार जाऊ नको म्हणून सांगितलं गेलं. म्हणून १८७८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेज. आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसल्या १८८३ला, म्हणजे त्याच्या पाच वर्षं आधी ही सोळा वर्षांची मुलगी शवविच्छेदन शिकायला मद्रासेत उभी होती. पहिल्या वर्षी एक विषय सोडून बाकी सगळ्यांत पहिली आली. वर्ष संपलं आणि अंथरुणाला खिळली, शिक्षण सुटलं, पुण्याला बहिणीकडे परतली. पुढे, मद्रासेत ज्यांच्या घरी राहून शिकत होती त्याच रेव्हरंड सत्यनाथन यांच्या मुलाशी, सॅम्युअल यांच्याशी लग्न. एकुलतं एक मूल वर्षाचंही झालं नाही. ‘कमला’ तिने मरणाच्या वाटेवर असताना पुरी केली, आणि १८९४ मध्येच गेली. डॉक्टर होऊ न शकलेल्या बाईने हाताशी जे उरलं ते वापरलं. आता उरलेल्या गोष्टींत मराठी का नव्हती, हे विचारा. तो प्रश्न खरा आहे.

शंकेखोर : तोच तर विचारतोय. आणि उत्तर मला सोपं दिसतं. तिचा वाचक मराठी नव्हता. ‘सगुणा’चं उपशीर्षक काय, तर देशी ख्रिस्ती जीवनाची कथा. ‘कमला’चं काय, तर हिंदू जीवनाची कथा. हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला ‘हिंदू जीवनाची कथा’ म्हटलं असतं का? कशाला म्हणतील! माशाला कुणी ‘पाण्यातलं जीवन’ म्हणून सांगत नाही. असं उपशीर्षक परक्याला दाखवायच्या वस्तूवर लावतात, म्युझियमच्या काचेखाली चिठ्ठी असते तसं. बघा साहेब, आमच्यात लग्न असं होतं, विधवेचं असं करतात. तिचं इंग्रजीही त्या साहेबाच्या पुस्तकातलंच आहे. डोंगर, धबधबे, मावळतीचे रंग, पानंच्या पानं. मी तुमच्याकडून चाळलं ना. आमची एखादी बाई डोंगरावर जाते ती सरपण आणायला. तिथे उभी राहून ढगांचे रंग मोजत नाही.

कैवारी : डोंगरांबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. वर्णनं लांबली आहेत, योगायोगही फार आहेत. कादंबरीकार म्हणून तिची बैठक हरिभाऊंइतकी पक्की नाही, हेही कबूल. पण काचेखालच्या चिठ्ठीचं तसं नाही. म्युझियममध्ये वस्तू गप्प असते. ‘सगुणा’ गप्प नाही. गोऱ्या मिशनरी बायांचा तोरा, काळ्या ख्रिस्त्यांना दिलेली पायरी, हे तिने त्यांच्याच भाषेत, त्यांनाच वाचता येईल अशा मासिकात लिहिलं. झळ म्हणालात ना? ही झळ. ज्यांच्या शाळेत शिकली, ज्यांच्या जोरावर कॉलेजात गेली, त्यांच्याच तोंडावर सांगितलं. ताराबाईंनी आपल्या समाजाला आपल्या भाषेत सुनावलं, हिने आपल्या नव्या समाजाच्या मालकांना मालकांच्या भाषेत. मराठीत लिहिलं असतं तर त्यांना पत्ताही लागला नसता.

आणि ‘कमला’चा शेवट बघा. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, आपली पहिली कादंबरी, तीही ख्रिस्ती माणसाने लिहिलेली. तिथे विधवा यमुना शेवटी ख्रिस्ती होते, तिचं पुन्हा लग्न होतं. लेखकाला जे सांगायचं ते सांगून झालं. कृपाबाई जन्माने ख्रिस्ती, मिशनच्या अंगणात वाढलेली. तिच्या हातात ‘कमला’ होती. नवरा गणेश दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला, मग मेलेला. पोर गेलेली. आणि तिच्यावर आधीपासून जीव असलेला रामचंद्र सरळ लग्नाचं विचारतो. कायदा १८५६चा, म्हणजे वाट मोकळी. दुसऱ्या कुणाही सुधारकाने इथे मंगलाष्टकं म्हटली असती, मिशनऱ्याने बाप्तिस्मा उरकला असता. ही दोन्ही करत नाही. कमला नाही म्हणते आणि आपल्या धर्मात राहून दुसऱ्यांच्या सेवेत दिवस काढते. परक्याला ‘बघा हे किती रानटी’ असं दाखवायचं असतं तर हा शेवट कशाला?

शंकेखोर : की सनातन्यांना बरं वाटावं म्हणून?

कैवारी : सनातनी कुठे वाचणार होते ते! तुम्हीच म्हणालात की वाचक मराठी नव्हता. मला वाटतं तिला कमलाला कुठल्याच पक्षाचा पुरावा होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून शेवट अडखळतो. वाचताना मला स्वतःला रामचंद्रावर राग येत नाही, कमलावर येतो. आणि मग त्या रागाचीच लाज वाटते.

शंकेखोर : हे चांगलं बोललात. पण लक्ष्मीबाई टिळकांना विसरून चालणार नाही, आणि तुमची सगळी केस तिथे कोसळते. त्याही नगरच्याच गोतातल्या. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला, स्वतः १९००मध्ये झाल्या. धर्मांतर, घर तुटणं, सोवळ्याओवळ्यातून बाहेर पडणं, जे जे कृपाबाईच्या आईने भोगलं ते लक्ष्मीबाईंनीही भोगलं. आणि त्यांनी काय लिहिलं, तर ‘स्मृतिचित्रे’. मराठीत. शाळा नाही, कॉलेज नाही, इंग्रजी नाही. कविता लिहिल्या, नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. आज नव्वद वर्षं झाली, पण ‘स्मृतिचित्रे’ हातात घेतलं की माणूस हसतो आणि डोळे पुसतो. कृपाबाई कोण वाचतं? ऑक्सफर्डने १९९८मध्ये दोन्ही कादंबऱ्या पुन्हा काढल्या, त्या विद्यापीठांत गेल्या. नगरच्या बाजारात नाही गेल्या. भाषा सोडली की असं होतं. मग त्या पुस्तकाला कुणी आपलं म्हणायला येत नाही. येतात ते संशोधक.

कैवारी : सोडली म्हणू नका. सोडणं आणि सुटणं यांत फरक आहे, तो आपण आदिलाबादच्या लोकांनी तरी करावा. लक्ष्मीबाई नाशिक, नागपूर, नगर अशा फिरल्या, पण भोवती मराठी होती. भांडायला मराठी, भाजी घ्यायला मराठी. कृपाबाई सोळाव्या वर्षी मद्रासेत गेली. नवऱ्याचं घर तमिळ, त्याचं शिक्षण केंब्रिजचं, दोघांमधली भाषा इंग्रजी. उटकमंडला गेली तिथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, तिथे मराठी कुणाशी बोलणार? मग राजमहेंद्री. मग कुंभकोणम.

शंकेखोर : कुंभकोणमवरून बरं आठवलं. तिथून तंजावर जेमतेम चाळीस किलोमीटर. व्यंकोजीराजांपासून तिथे मराठी घरं, सरस्वती महालात मराठी पोथ्यांच्या थप्प्या. त्या लोकांनी दोनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी टिकवली. चुलीजवळ का होईना, टिकवली. एक पिढीसुद्धा नाही, एक जन्मसुद्धा नाही, आणि हिची सुटली?

कैवारी : तंजावरकरांच्या मागे राज्य होतं, नंतर राज्याची आठवण होती. एकट्या बाईच्या मागे काय होतं? आणि तंजावरच्या त्या मराठीत कितीजणींनी कादंबरी लिहिली? चुलीजवळ भाषा टिकते गुरुजी, पण ती चुलीजवळच राहते. लिहायला वाचणारा लागतो.

आणि मी आणखी एक म्हणते. तिची मराठी गेली नव्हती, इंग्रजीच्या खाली दबून बसली होती. ‘कमला’त गणेशला नादी लावणारी जी बाई आहे तिचं नाव इंग्रजी अक्षरांत छापलंय. मद्रासचा वाचक ते ‘साई’ वाचेल, लंडनचा वाचक आणखी काही. मी वाचलं तेव्हा माझ्या कानाला ते ‘सई’ ऐकू आलं. सई! मराठीत सई म्हणजे मैत्रीणही. नवरा पळवणारीचं नाव सई ठेवायचं आणि ते अशा भाषेत छापायचं की वाचणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना त्यातला विंचू दिसूच नये. तो फक्त आपल्याला डसतो. पुस्तक आपलं नसेल, तर ती नांगी कुणासाठी ठेवली होती?

शंकेखोर : हे तुम्ही तिच्या पदरात घालताय. तिच्या मनात असेलच असं नाही.

कैवारी : नसेल. पण वाचणाऱ्याच्या मनात आलं, आणि ते मराठी वाचणाऱ्याच्याच मनात येऊ शकतं. एवढं मला पुरतं.

शंकेखोर : मला पुरत नाही. कारण उलटंही दाखवता येतं. नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी या चौघींना इंग्रजीत एकच शब्द आहे. एकत्र कुटुंबाचं घर म्हणजे या चौघींमधलं अंतर. कोण कुणाला पाणी देतं, कुणाच्या समोर पदर घ्यायचा, कुणाशी चेष्टा चालते. ते सगळं एका शब्दात कोंबल्यावर सासुरवास राहतो, पण घर राहत नाही. ‘स्मृतिचित्रे’त घर आहे. हा दोष कृपाबाईचा नाही म्हणाल. मान्य. पण पुस्तकात उणीव राहिली ती राहिलीच. बंगाल्यांचं बघा. तोरू दत्त एकविसाव्या वर्षी १८७७ला गेली. इंग्रजीत कविता, फ्रेंचमध्ये कादंबरी. बंगाली माणूस तिचा अभिमान बाळगतो, फोटो लावतो, पण बंगाली कवितेचा इतिहास सांगताना तिला मध्ये आणत नाही. सरोजिनी नायडू आमच्याच हैदराबादच्या. ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ १९०५चं, पुढे तेच नाव घराला. त्यांना उर्दूने घेतलं का? आई-बाप बंगाली होते म्हणून बंगालीने घेतलं? मग मराठीनेच एवढं मोठं मन का करायचं?

कैवारी : मोठ्या मनाचं कुठे काय, आपल्याला गरज आहे म्हणून. पुण्यातल्या माणसाला कृपाबाई नसली तरी चालेल. त्याच्याकडे हरिभाऊ आहेत, काशीबाई आहेत. आपल्याकडे काय आहे? १९५६ला राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा किनवट तिकडे मराठी मुलखात गेला, राजुरा गेला, आपण इकडे राहिलो. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे जैनथ, बेला. बोली तीच, पाटी वेगळी. तुमच्या वडिलांचं शिक्षण उर्दूत झालं, तुमचं मराठीत, तुमच्या मुलाचं तेलुगुत, नातीचं इंग्रजीत. आपल्या भागातल्या एखाद्या मुलीला उद्या कादंबरी लिहावीशी वाटली, कापसाच्या वेचणीची, आजीची, बाजारातल्या दलालाची, तर ती कुठल्या भाषेत लिहील? ज्या भाषेत तिला लिहिता येतं त्या भाषेत. ती तेलुगुत लिहिली म्हणून तुम्ही तिला परकी म्हणणार? मग तिची आजी कुणाची?

शंकेखोर : आता तुम्ही माझ्या घरात शिरलात. सांगतो. माझी नात भजनाला बसते. तिची एक वही आहे, त्यात अभंग उतरवून घेते. मी एकदा उघडून पाहिली तर सगळी वही तेलुगु अक्षरांत. शब्द मराठी, लिपी तेलुगु. ‘ळ’ चुकत नाही तिचा, तेलुगुतही आहे तो. पण ‘च’ मात्र सगळे एकसारखे. चांगला आणि चहा यांतला फरक आपल्या देवनागरीतही दिसत नाही म्हणा. पण आपल्याला तो ऐकून माहीत आहे, आणि तिला पुढे कुणाकडून ऐकायला मिळेल सांगता येत नाही. म्हणताना मात्र सुरात म्हणते. ती वही पाहून मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कैवारी : ती वही मराठी आहे की नाही?

शंकेखोर : आहे. आणि म्हणूनच तुमची कृपाबाई नाही. बघा, मी मघापासून जे म्हणायला धडपडतोय ते हेच. वहीत लिपी गेली, शब्द राहिले. आपल्याच जिल्ह्यातल्या मारलवाईला त्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फसाहेबाने चाळीसच्या दशकात गोंड मुलांसाठी पुस्तकं करवली, ती गोंडी भाषेत पण देवनागरी अक्षरांत. म्हणून ती मराठी झाली का? नाही, गोंडीच राहिली. लिपी अंगरखा आहे, बदलता येतो. कृपाबाईने अंगरखा नाही, अंगच बदललं. शब्द गेले, आणि राहिली ती फक्त हकिगत. हकिगतीला भाषा नसते. ती कुणीही सांगू शकतो.

कैवारी : हकिगत कुणीही सांगू शकतो? मग इतक्या वर्षांत राधाबाईची हकिगत दुसऱ्या कुणी का नाही सांगितली? हरिपंतांचं धर्मांतर मिशनच्या कागदांत सापडेल. त्यांच्या मागे ओढली गेलेली, नवऱ्याचा देव बदलला म्हणून जिचा देव्हारा सुटला, ती पोरसवदा बायको कुठे सापडते? ‘सगुणा’ची सुरुवात तिच्यापासून होते. मुलगी आपली गोष्ट सांगायला बसते आणि आधी आईची सांगते. राधाबाईंचं बोलणं तर मराठीतच झालं असणार ना? एवढ्या मुलांच्या त्या आईने या लेकीला कधीतरी, दिव्याखाली म्हणा, निवडण-टिपण करताना म्हणा, मराठीतच सांगितलं असणार. म्हणजे त्या इंग्रजी पुस्तकाचा पहिला खर्डा मराठी होता आणि तो तोंडी होता. तुम्ही त्याला अंग बदलणं म्हणता. मी म्हणते भाषांतर आधी झालं, मूळ हरवलं.

शंकेखोर : हं. मूळ हरवलेलं भाषांतर. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मग तुमची मागणीच बदलते. इतिहासात जागा द्या म्हणून भांडू नका. मूळ परत करा म्हणा. मराठीत आणा. आणि आणताना ते परत येतं की तिसरंच काही उभं राहतं, ते कळेल. हैदराबादेतच सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय बायकांच्या लेखनाचा मोठा संग्रह केला, त्यात सावित्रीबाई, ताराबाई, लक्ष्मीबाई मराठीतून इंग्रजीत गेल्या, आणि कृपाबाई आहे तशी इंग्रजीतच बसली. तिथे त्या सगळ्या एका ओळीत दिसतात. कारण तिथे सगळ्यांचीच मराठी गेलेली आहे.

कैवारी : बोचरं बोललात, पण बोला. आणखी एक गंमत सांगू? कृपाबाईमागे सॅम्युअल यांनी जिच्याशी लग्न केलं ती राजमहेंद्रीकडच्या तेलुगु ख्रिस्ती घरातली, आणि तिचं नावही कमला. तिने १९०१मध्ये मद्रासहून ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ काढलं. एकाच घरात आधी मराठी बाई, मग तेलुगु बाई, दोघी इंग्रजीत लिहिणाऱ्या. आपल्या जिल्ह्याचाच नकाशा झाला की हा.

शंकेखोर : नकाशे पुरे. ‘कमला’ इथे ठेवा. मी सुरुवात करून बघतो. माझं इंग्रजी कचेरीपुरतं आहे, नात वाचेल, मी मराठीत सांगेन, तुम्ही उतरवून घ्या. पण पहिल्याच पायरीला अडणार, ते आताच सांगतो. ही कमला सासूला हाक काय मारते? इंग्रजीत ते कळायची सोय नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरातली सून ‘आत्याबाई’ म्हणेल.

कैवारी : आजचा वाचक गोंधळेल. त्याला वाटेल बापाची बहीण. ‘सासूबाई’ लिहू.

शंकेखोर : ‘सासूबाई’ हे दुसऱ्याला सांगताना. तोंडावर हाक मारताना ‘आत्याबाई’च. कृपाबाईने आईच्या तोंडून तेच ऐकलं असणार.

कैवारी : आणि आपल्या नातीला? ती वाचणार आहे ना हे? तिची आई तुमच्या बायकोला काय म्हणते?

शंकेखोर : नुसतं ‘आई’. आणि कधी कधी, शेजारचं ऐकून ऐकून, ‘अत्तम्मा’.